काजूची बाग, पाचोळ्यातील गोचीड आणि बागायतदाराचे कर्तव्य

माघ सरत आला की दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा या भागांतील काजूच्या बागांत एकच लगबग उडते. झाडाखालचा पाचोळा लोटून जागा स्वच्छ केली जाते, कोयत्यांना धार लावली जाते, गोण्या झटकून ठेवल्या जातात आणि व्यापाऱ्याशी दराची बोलणी सुरू होतात. या साऱ्या तयारीत एका गोष्टीला मात्र सहसा स्थान मिळत नाही. ती म्हणजे बी वेचण्यासाठी पहाटेच बागेत उतरणाऱ्या माणसाच्या संरक्षणाची. अनवाणी पायांनी, उघड्या हातांनी, वाकून वाकून पाचोळ्यातील बोंडे उचलणारी मजूर स्त्री ज्या जमिनीवर दिवसभर वावरते, त्याच जमिनीवर त्याच महिन्यांत माकडतापाचे विषाणू बाळगणारी बारीक गोचीड वावरत असते. हा योग काही एखाद्या वर्षापुरता नसून तो दरसाल येणारा आहे. म्हणूनच त्याची तरतूद खताच्या किंवा फवारणीच्या तरतुदीइतकीच ठराविक असावयास हवी.

हा रोग प्रथम ओळखला गेला तो १९५७ साली, त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाच्या जंगलाच्या परिसरात. जंगलात माकडे मरून पडत होती आणि आसपासच्या गावांतील माणसे तापाने अंथरूण धरीत होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्यामागील विषाणू शोधून काढला. पुढे अनेक वर्षे हा रोग कर्नाटकाच्या त्या पट्ट्यापुरताच मानला जात असे. परंतु २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात पाली गावी त्याने डोके वर काढले, २०१६ मध्ये तो दोडामार्ग तालुक्यात आणि २०१७ मध्ये बांद्याच्या परिसरात आढळला. सह्याद्रीच्या उतारावरील काजू बागायतदाराला तो आता परका राहिलेला नाही.

माकडताप या नावाने लोकांची थोडी दिशाभूलच केली आहे, असे म्हणावे लागते. नाव ऐकताच मनुष्य वर फांदीकडे पाहतो. धोका मात्र त्याच्या पायांखाली असतो. माकड हे या रोगाचे माणसासारखेच भक्ष्य आहे. माणसाला रोग होतो तो मुख्यत्वे गोचिडीच्या चाव्याने, आणि एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे तो जात नाही. तेव्हा रोग्याला वाळीत टाकणे किंवा माकडांमागे दगड घेऊन धावणे या दोन्ही गोष्टी निरर्थक होत. माकड मेलेले दिसले तर मात्र ती सूचना समजावी. मेलेल्या जनावराच्या अंगावरील गोचिडी ते सोडून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. त्या ठिकाणी जाऊ नये, मृत माकडाला हात लावू नये आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला व वनखात्याच्या माणसाला ताबडतोब कळवावे. तेथील सुमारे ५० मीटर परिघात कीटकनाशक भुकटी टाकण्याचे काम जाणकारांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवे. स्वतःच्या हिशेबाने पाचोळा पेटवून देण्यात बागही जाते आणि वणव्याची भीती वेगळीच.

गोचीड उडत नाही, उडी मारीत नाही. गवताच्या पात्यावर किंवा पानाच्या कडेवर चढून पुढचे पाय पसरून ती वाट पाहत बसते आणि जाणाऱ्या प्राण्याचा स्पर्श होताच त्याला चिकटते. तिच्या वाढीच्या अवस्थांपैकी माणसाला अधिक घातक ठरते ती अर्धवट वाढलेली अवस्था. आकाराने ती तिळाहूनही लहान, आणि तिचा चावा बहुधा दुखत नाही. ही बारीक गोचीड साधारणपणे नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत सर्वाधिक आढळते. काजूचा मोहोर, फळधारणा आणि वेचणी यांचा काळ हाच. गुरांसाठी पातेरा आणणे, सरपण गोळा करणे ही कामेही याच दिवसांत होतात. पातेऱ्याचा भारा डोक्यावरून थेट गोठ्यात येतो आणि त्याबरोबर न दिसणारे पाहुणेही येतात.

यावर सांगितला जाणारा उपाय म्हणजे अंगभर कपडे व बूट. उपाय योग्य खरा, परंतु तो सांगणाऱ्याने फाल्गुनातील दुपारी काजूच्या बागेत एक तास काढून पाहावा. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून चढावर बी वेचणे ही सोपी गोष्ट नव्हे. जो उपाय पाळता येत नाही तो सांगून केवळ सांगणाऱ्याचे समाधान होते. त्याऐवजी लुगड्याखाली घोट्यापर्यंत पायजमा, त्याचे टोक लांब मोज्यांत खोचलेले, पायांत बंद चप्पल वा साधे कापडी बूट आणि वर पुऱ्या बाह्यांचा जुना सदरा, एवढे बहुतेकांना साधण्यासारखे आहे. कपडा फिक्या रंगाचा असला की चढणारी गोचीड नजरेस पडते. उघड्या राहणाऱ्या हातांना, मानेला व पावलांना डी. एम. पी. तेल किंवा ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेने तयार केलेले डेपा यांसारखे प्रतिबंधक लावावे. घामाने ते निघून जाते. म्हणून वेष्टनावरील सूचनेप्रमाणे पुन्हा लावावे लागते. डोळे, तोंड व जखमा यांपासून ते दूर ठेवावे. करंजाच्या किंवा कडुनिंबाच्या तेलावर भिस्त ठेवून निर्धास्त राहणे इष्ट नाही.

घरी आल्यावर कपडे बाहेरच उतरवून गरम पाण्यात भिजत घालावेत आणि साबणाने अंघोळ करताना काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागची बाजू, कानांमागचा भाग व केस नीट तपासावेत. चिकटलेली गोचीड दिसल्यास बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावी. रॉकेल ओतणे, विडीने चटका देणे हे प्रकार सोडावेत. गुरांच्या अंगावरील गोचीड उपटून नखाने चिरडण्याची सवय तर फारच वाईट. २०११ मध्ये गुजरातेत अहमदाबाद जिल्ह्यात आढळलेला क्रिमियन-काँगो ताप हा गोचिडीच्या चाव्याप्रमाणेच गोचीड हाताने चिरडल्यानेही होऊ शकतो.

आता मुख्य प्रश्न खर्चाचा. तेल, मोजे, सदरा हे कोणी द्यावयाचे? आरोग्य खाते गावात तेल वाटते तेव्हा ते गावातील घरांना मिळते. परगावाहून आलेला मजूर त्या यादीत असेलच असे नाही. बाग खंडाने दिलेली असली की मालक खंडकऱ्याकडे बोट दाखवितो, खंडकरी मुकादमाकडे, आणि मजूर तसाच उघड्या पायांनी बागेत उतरतो. ही टोलवाटोलवी थांबावयास हवी. ज्या बागेचे बी विकून पैसा यावयाचा, त्या बागेच्या हिशेबातच हा खर्च धरला पाहिजे. आणि खंडाच्या कागदावर तो कोणाकडे, हे एका ओळीत लिहून घेतले पाहिजे. पूर्वी दिली जाणारी लस पुरेशी गुणकारी न राहिल्याने २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. माकडतापावर नेमके औषधही नाही. रोग्याची शुश्रूषा हाच उपचार, आणि शंभरांतील तीन ते पाच रोगी दगावतात. अशा स्थितीत तेलाची बाटली ही चैन म्हणता येणार नाही.

बागेत जाऊन आल्यावर तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी वाजून ताप, कपाळ फुटावे अशी डोकेदुखी व अंगदुखी सुरू झाली तर मजुराला ‘ऊन लागले असेल’ म्हणून झोपवून ठेवू नये. त्याला दवाखान्यात न्यावे आणि तो काजूच्या बागेत काम करीत होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. या एका माहितीने तपासणीची दिशा बदलते. झुडपांतील सूक्ष्म कोळीवर्गीय किड्याच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस, ज्याने २०१८ मध्ये विदर्भात बरेच लोक आजारी पडले, तोही असाच तापाने सुरू होतो. परंतु त्यावर डॉक्सिसायक्लीन हे औषध वेळेवर दिल्यास चांगला गुण येतो. त्या दिवसांची मजुरी कापली जाणार नाही एवढा शब्द बागायतदाराने हंगामाच्या आरंभीच दिला, तर ताप लपविण्याचे कारणही उरणार नाही.

तेलाची मागणी ग्रामपंचायतीमार्फत नोंदवावयाची ती मार्गशीर्षातच नोंदवावी. चैत्रात बाटल्या हाती आल्या तर तोवर निम्मे बी गोण्यांत भरून झालेले असते.