तापाचाही प्रवास होतो

पावसाळ्यात बंद असलेले चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोब्याचे गाभा क्षेत्र १ ऑक्टोबरला पर्यटकांसाठी उघडते, आणि विदर्भात डेंगी-चिकुनगुनियाचा जोरही याच सुमारास असतो. मोहर्ली, कोलाऱ्याच्या प्रवेशद्वारांवर पाहुण्यांना मोबाइलबंदी बजावली जाते. अंगात ताप असेल तर सफारी पुढे ढकला, हेही तितक्याच ठणकावून सांगायला हवे.

जंगलातल्या डासांची भीती शहरी पाहुण्याला घालणे सोपे. पण डेंगीचा एडिस डास काही शे मीटरपलीकडे सहसा उडत नाही. विषाणू लांबचा पल्ला गाठतो तो माणसाच्या रक्तातून. १९७३ मध्ये बार्शीत चिकुनगुनियाची साथ आली, मग तीन दशके तो जवळपास विस्मरणात गेला. २००५-०६ मध्ये परतला, तो हिंदी महासागरातील बेटांवरच्या साथीशी नाते सांगत. तिथून काही डास उडत आले नव्हते. एखाद्या होमस्टेमागे पडलेले टायर, न उपसलेला कूलर आणि तापाने फणफणलेला एक पाहुणा, एवढ्या भांडवलावर गाइड आणि जिप्सीचालकांच्या वस्तीत साथ शिरू शकते.

गडचिरोलीचे दुखणे आणखी वेगळे. राज्यातील हिवतापाचा मोठा भार वर्षानुवर्षे या जिल्ह्यावर आहे. त्यामुळे इथला भर रात्रीच्या मच्छरदाणीवर राहिला, आणि तो योग्यच होता. एडिस मात्र दिवसाढवळ्या चावतो. त्याच्यापुढे अंगभर कपडे, डास पळवणारे मलम आणि आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी कोरडी करणे हेच उपाय.

खरा घोळ परतीनंतर होतो. गडचिरोलीतले भामरागड-हेमलकसा पाहून पुण्यात आलेल्याला दहा-बारा दिवसांनी हुडहुडी भरते. प्लेटलेट घसरलेल्या दिसल्या की घरचे डेंगी ठरवून मोकळे. पपईच्या पानांचा रसही सुरू होतो! प्लेटलेट हिवतापातही घसरतात, आणि हिवतापाचा फाल्सीपेरम परजीवी मेंदूपर्यंत पोचला तर जिवावर बेततो. म्हणून कुठे जाऊन आलो, हे डॉक्टरांना न विचारताच सांगावे आणि दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात. तोवर पॅरासिटामॉल चालेल. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. डेंगी निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पर्यटकाला निदान बुकिंगच्या संदेशातून हे कळवता येईल. मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या इथल्या मजुरांना असला संदेश कोण पाठवणार? ते गावी परततात, त्याच आठवड्यात आशाताईंनी घरोघर तापाची विचारपूस करून रक्तनमुने घ्यावेत, असा आदेश चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्हा परिषदांनी हंगामाआधीच काढावा.