मुखवट्याआडचा गोलरक्षक

1 नोव्हेंबर 1959 च्या रात्री न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आइस हॉकीचा सामना मध्येच थांबला. रेंजर्स संघाच्या अँडी बाथगेटने मारलेला पक मॉन्ट्रियल कनेडियन्सचा गोलरक्षक जाक प्लांत याच्या तोंडावर आदळला होता. पक म्हणजे कडक रबराची, दीडशे ग्रॅमहून अधिक वजनाची चकती. जखमेला टाके घातले गेले. त्या काळी संघ राखीव गोलरक्षक बाळगत नसत, त्यामुळे सारे प्लांतवरच अवलंबून होते. त्याने प्रशिक्षक टो ब्लेक यांच्यापुढे एकच अट ठेवली : मुखवटा घालू देणार असाल, तरच पुन्हा बर्फावर उतरेन.

ही अट काही वेदनेच्या भरात सुचलेली नव्हती. सरावाच्या वेळी प्लांत पूर्वीपासूनच मुखवटा वापरत असे; सामन्यात मात्र ब्लेक यांची परवानगी नव्हती. मुखवट्याने नजर अडते आणि गोलरक्षक गाफील होतो, असे त्यांचे मत. उघड्या तोंडाने उभा राहील तोच शूर, ही त्या काळची समजूतही त्यामागे होतीच. 1930 मध्ये क्लिंट बेनेडिक्टने चामड्याचा मुखवटा काही सामन्यांपुरता वापरून पाहिला होता, पण ती प्रथा रुजली नाही. त्या रात्री ब्लेक यांचा नाइलाज झाला. मॉन्ट्रियलने सामना 3-1 असा जिंकला आणि पुढेही विजय मिळत राहिले. 8 मार्च 1960 रोजी ब्लेक यांच्या आग्रहाखातर प्लांत डेट्रॉइटविरुद्ध मुखवट्याविना खेळला आणि संघ 3-0 ने हरला. मुखवटा परत आला तो कायमचा. त्याच मोसमात मॉन्ट्रियलने सलग पाचव्यांदा स्टॅन्ली कप जिंकला.

प्लांत क्वेबेक प्रांतातील गरीब घरातला, अकरा भावंडांत थोरला. लोकरीच्या टोप्या तो स्वतः विणत असे. दम्याचा विकार जन्मभर सोबत होता. स्वभाव हट्टी, पण हट्टाला निरीक्षणाची जोड होती. काही मैदानांतील गोलाची आडवी दांडी नियमापेक्षा खाली आहे, अशी तक्रार त्याने एकदा केली. उभे राहिल्यावर दांडी पाठीला नेहमीच्या जागी लागत नाही, एवढाच त्याचा पुरावा. लोक हसले. प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा त्याचेच म्हणणे खरे ठरले. माप चार फुटांचे असले, तरी ते दांडीच्या वरच्या कडेपर्यंत घ्यायचे की खालच्या, हा घोळ होता. वजनकाट्याशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, त्यांना या तक्रारीचे मोल वेगळे सांगायला नको.

मुख्य प्रशिक्षक म्हणून मात्र त्याला यश आले नाही. 1973-74 मध्ये क्वेबेक नॉर्डिक्स संघाची सूत्रे त्याच्या हाती होती. संघ बाद फेरीही गाठू शकला नाही. एका मोसमानंतर त्याने ते काम सोडले आणि वयाच्या पंचेचाळिशीत एडमंटन ऑइलर्सकडून पुन्हा गोलात उभा राहिला! वीस जणांना सांभाळण्यापेक्षा एकाला घडवणे हेच त्याचे खरे क्षेत्र होते. टोरँटोत त्याच्यासोबत खेळलेल्या बर्नी पेरेंटला त्याने उभे राहण्याची पद्धत, तोल आणि कोन यांचे धडे दिले. पेरेंट फिलाडेल्फिया फ्लायर्सला परतला आणि 1974 व 1975 असे सलग दोन स्टॅन्ली कप त्या संघाला मिळाले. दोन्ही वर्षी बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूही पेरेंटच ठरला. पुढे प्लांत फ्लायर्सच्या गोलरक्षकांचा प्रशिक्षक झाला.

17 फेब्रुवारी 1979 रोजी एका खेळाडूच्या काठीचे टोक पेरेंटच्या मुखवट्यातील डोळ्याच्या फटीतून आत शिरले. उजव्या डोळ्याची दृष्टी अधू झाली आणि त्याचा खेळ तिथेच संपला. त्यानंतर पेरेंटने फ्लायर्सच्याच गोलरक्षकांना शिकवण्याचे काम हाती घेतले. पेले लिंडबर्ग हा स्वीडिश तरुण त्याच्या हाताखाली तयार झाला आणि 1985 मध्ये त्याने सर्वोत्तम गोलरक्षकाची वेझिना ट्रॉफी पटकावली. त्याच्या पुढच्याच वर्षी, 27 फेब्रुवारी 1986 रोजी, जिनिव्हा येथे पोटाच्या कर्करोगाने प्लांतचे निधन झाले.