मोजणी नागरिकांचीही

संपादक महाशय,

शहराची पाहणी हे सरकारी मोजणीदाराचेच काम होय, हे गतांकातील पत्रलेखकांचे मत मला सर्वथा अमान्य आहे. १८५४ साली लंडनमध्ये पटकीने दगावलेल्यांची घरे नकाशावर मांडून डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाकडे बोट दाखविले, आणि धनंजयराव गाडगीळांच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुण्याची जी सामाजिक-आर्थिक पाहणी १९४५ व १९५२ साली दोन भागांत प्रसिद्ध केली, तीही सरकारी दफ्तरातून निघालेली नव्हती. शास्त्री-सोनवीच्या संगमावरील आमच्या बाजारपेठेत पुराचे पाणी कोणत्या उंबरठ्यापर्यंत चढले, हे सातबाऱ्यावर नोंदलेले नसते. ते दुकानदारांस मुखोद्गत असते. त्या खुणा तारखेसह भिंतींवर व नकाशावर उतरवाव्यात, तलाठ्याने त्या पडताळाव्यात, आणि देवरुखच्या तालुका कचेरीत तो नकाशा सर्वांस पाहावयास मिळावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला,
एक वाचक, संगमेश्वर