नोंद करणे आणि नोंद सापडणे

आपल्या शाळेच्या कार्यालयात, खिडकीशेजारच्या लोखंडी कपाटात, जनरल रजिस्टरच्या जुन्या वह्या आहेत. कापडी बांधणी सैल झालेली, कडा वाळवीने चाखलेल्या. तरीही आतील शाई अजून ठळक आहे. गेल्या जून महिन्यात एक गृहस्थ या कपाटासमोर दोन दिवस बसून होते. त्यांचे दिवंगत वडील आपल्या वसतिगृहात राहून शिकले होते. नातीच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी जात पडताळणीचा प्रस्ताव करावयाचा होता व त्यासाठी वडिलांच्या शालेय नोंदीचा उतारा हवा होता. वर्ष नक्की ठाऊक नव्हते. कार्यालयातील लिपिक आणि आमच्यापैकी दोघे, असे तिघांनी मिळून पान न् पान चाळले. दुसऱ्या दिवशी दुपारी नोंद सापडली ती घरगुती नावाने, आणि आडनावाच्या रकान्यात गावाचे नाव. पहिल्या दिवशी तेच पान आम्ही उलटून पुढे गेलो होतो.

नोंद होती, परंतु सापडत नव्हती. या दोन गोष्टींतील अंतर विद्यार्थ्यांना शिकवले पाहिजे, असे आमचे मत त्या दिवसापासून बनले आहे. त्याचा ऊहापोह करण्यासाठी स्मरणिकेची ही दोन पाने आम्ही मागून घेतली.

वही लिहिणाऱ्या गुरुजींना दोष देण्याचे कारण नाही. पालकाने जे सांगितले ते त्यांनी लिहिले. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या विद्यार्थ्याचा प्रवेश झाला, त्याची नोंद १९१४ या क्रमांकासमोर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी आहे. तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ती नोंद आज कोणी संगणकावर शोधू लागला आणि त्याने 'भीमराव' एवढेच अक्षर टंकित केले, तर यंत्र शांतपणे 'काही आढळले नाही' असे सांगेल. यंत्राला भिवा म्हणजेच भीमराव हे ठाऊक नसते; ते आपण सांगावे लागते.

आपल्या समाजाच्या बाबतीत तर नोंदवहीतील एकेक रकाना आयुष्याला वळण देणारा ठरला आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक पालकांनी मुलांच्या नावापुढे धर्म 'बौद्ध' असा अभिमानाने लिहवून घेतला. काहींच्या नावापुढे जुनीच जात राहिली. काही ठिकाणी एका भावाची नोंद एक आणि दुसऱ्याची दुसरी. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला तो १९९० साली. मधल्या चौतीस वर्षांत त्या एका शब्दापायी किती जणांना कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले, हे आपल्या माजी विद्यार्थ्यांना निराळे सांगावयास नको. जात प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा आजही मागितला जातो, आणि आजोबांचा शाळेचा दाखला हाच कित्येकदा एकमेव पुरावा असतो. ज्यांच्याकडे सातबारा नव्हता, त्यांच्याकडे शाळेची वही होती.

आज ती वही संगणकात गेली आहे. प्रवेश, शिष्यवृत्ती, बँक खाते, परीक्षेचा अर्ज, सारेच कोणीतरी कळफलकावर भरतो. तो कोणीतरी बहुधा आपल्यापैकी नसतो, आणि त्याला घाई असते. आपली मुले संगणक कक्षात आठवड्यातून दोन तास बसतात. चित्रे रंगवतात, सरकत्या पाटीवर 'माझी शाळा' असा देखावा करतात, टंकलेखनाचा वेग वाढवतात. हे वाईट नाही. पण अपुरे आहे. इयत्ता आठवीपासून त्यांना माहितीचा तक्ता बांधता आला पाहिजे, तो बिनचूक भरता आला पाहिजे, आणि त्यातून हवे ते काढता आले पाहिजे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच आपण शिकवत नाही.

यावर शिक्षक-पालक सभेत एक आक्षेप आला. 'आम्ही मुलांना इथे डॉक्टर, अधिकारी व्हायला पाठवले; तुम्ही त्यांना डेटा एन्ट्रीचे कारकून करता काय?' हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांच्या मनातील वेदना आम्ही समजू शकतो. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची कामे करणाऱ्या समाजाला लेखणीचे हलके काम आणि लेखणीची सत्ता यांतला फरक पक्का ठाऊक आहे. परंतु आमचे म्हणणे नेमके त्या सत्तेविषयीच आहे. केवळ भरणारा तो कारकून; भरलेल्यातून प्रश्न विचारू शकणारा तो अधिकारी. मे १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी सायमन कमिशनला जे निवेदन दिले, त्यात मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाची स्थिती सरकारच्याच आकड्यांवरून मांडली होती. आकडे सरकारने गोळा केले होते; प्रश्न बाबासाहेबांचा होता.

सभेनंतर आम्ही वाद वाढवला नाही. ग्रंथालयापासून आरंभ केला. माणसांची माहिती नव्हे, पुस्तकांची. नववीच्या बारा मुलामुलींनी लिबरऑफिस या मोफत संचातील 'बेस' वापरून दाखलनोंदवही संगणकात उतरवली. पहिल्या आठवड्यात त्यांनी एकाच लांबलचक तक्त्यात सारे कोंबले: पुस्तक, लेखक, नेणाऱ्याचे नाव, त्याची इयत्ता, खोली क्रमांक. एका मुलीने पाच पुस्तके नेली की तिचे नाव पाचदा, आणि पाच वेळा निरनिराळे. मग पुस्तकांचा तक्ता वेगळा, वाचकांचा वेगळा, देवघेवीचा तिसरा असे केले. प्रत्येक वाचकाला एकच क्रमांक, जो दुसऱ्या कोणाला मिळणार नाही. देवघेवीत फक्त तो क्रमांक. नाव एकदाच लिहायचे आणि चुकले तर एकाच जागी दुरुस्त करायचे. एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञाने १९७० साली मांडलेली ही कल्पना मुलांना व्याख्येने कळली नसती. खोली बदललेल्या एका मुलाचा क्रमांक सतरा ठिकाणी खोडावा लागला, तेव्हा ती कळली.

लेखकाच्या रकान्याने तर आम्हांलाच शिकवले. शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे खंड आपल्या ग्रंथालयात आहेत. बारा मुलांनी लेखकाचे नाव अकरा प्रकारे लिहिले. डॉक्टरचा ठिपका कोणी दिला, कोणी नाही. कोणी आंबेडकर, कोणी अांबेडकर. हा दुसरा शब्द डोळ्यांना पहिल्यासारखाच दिसतो, पण त्यात 'अ' टंकून पुढे काना जोडला आहे आणि यंत्राच्या लेखी तो वेगळाच शब्द. भीम आणि भिम यांचेही तसेच. शुद्धलेखनाचे गुण कापणाऱ्या शिक्षकांना मुले जन्मभर कंटाळतात. 'शोध' दाबूनही समोर असलेले पुस्तक सापडत नाही, तेव्हा वेलांटी किती मोलाची हे त्यांना सांगावे लागत नाही. कार्यालयातील जुन्या याद्यांची अडचण आणखी निराळी निघाली. त्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकित होत्या. फॉन्ट काढून घेतला की मराठी नाहीशी होऊन इंग्रजी अक्षरांचा कचरा उरतो. त्या याद्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागल्या, आणि रूपांतरातही काही जोडाक्षरे बिघडलीच.

एक्सेलचा आम्हांस राग नाही, छोट्या कामास ते उत्तम. तथापि त्याचे दोन-तीन गुण मुलांना अवश्य दाखवावेत. सोळा अंकी खातेक्रमांक संख्या म्हणून भरला, तर पंधरा अंकांनंतरचा अंक शून्य होतो आणि कोणी हाक मारून सांगत नाही. आरंभीचे शून्य गळते. नावांचा एकच रकाना निवडून त्याची अकारविल्हे मांडणी केली आणि शेजारचे रकाने तसेच राहिले, तर एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातात. एका मुलाची शिष्यवृत्ती दीड वर्ष अडली होती. कारण शोधता शोधता शेवटी खातेक्रमांकाच्या अंती एक परके शून्य सापडले. ते कोणी टंकले, हे विचारण्यात अर्थ नव्हता. ते पडताळून पाहणारे कोणी आपल्या बाजूला नव्हते, हे खरे दुखणे.

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा, आणि तो आम्हांस पूर्ण मान्य आहे. जनरल रजिस्टरमध्ये जात, धर्म, पालकांचा व्यवसाय, शाळा सोडण्याचे कारण असे सारे असते. ते विद्यार्थ्यांच्या हाती सरावासाठी देणे सर्वथा अयोग्य होय. व्यक्तिगत माहितीविषयीचा २०२३ चा कायदाही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घालतो. म्हणून मुलांचा सराव पुस्तके, धान्यकोठार, पावसाचे माप एवढ्यापुरताच राहील. रजिस्टरचे काम प्रौढ माजी विद्यार्थी, मुख्याध्यापकांच्या देखरेखीखाली, कार्यालयातच करतील.

त्या कामाची पद्धत आम्ही ठरवली आहे. मूळ नोंद जशी आहे तशीच, चुकीसह, एका रकान्यात उतरवायची. तीत काना-मात्रेचाही बदल नाही. तिला हात लावण्याचा अधिकार आपला नव्हे, ती दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीनेच होते. शेजारी दुसरा रकाना केवळ शोधासाठी: प्रचलित नाव, आजचे आडनाव, गावाचे आजचे नाव. तिसऱ्यात वहीचा व पानाचा क्रमांक. प्रत्येक नोंद एकाने वाचायची, दुसऱ्याने भरायची, तिसऱ्याने पडताळायची. याला वेळ लागेल; लागू द्यावा.

ग्रंथालयाच्या तक्त्याला मुलांनी विचारलेला पहिला प्रश्न आम्ही सुचवलेला नव्हता. पाच वर्षांत एकदाही कोणी न नेलेली पुस्तके कोणती? यादी पडद्यावर उतरली तेव्हा वर्गात काही क्षण शांतता होती. त्या संध्याकाळी कपाटाची वरची फळी बरीच रिकामी झाली.

रजिस्टरच्या कामास माजी विद्यार्थ्यांपैकी बँक, तहसील, टपाल किंवा महानगरपालिका कार्यालयांत काम केलेले सेवानिवृत्त बंधुभगिनी मिळाले तर फार बरे. त्यांची नजर सरावलेली असते. महिन्यातील दोन रविवार पुरेत. आणि मेळाव्यास येताना प्रत्येकाने शाळा सोडल्याच्या आपल्या दाखल्याची छायाप्रत सोबत आणावी, तिच्या मागे आपले आजचे नाव आणि आडनाव लिहावे. मूळ दाखला मात्र घरीच ठेवावा.