खड्डा रस्त्याचा, शॉकअपचं बिल तुमचं: हा खर्च कुणाकडूनच वसूल का होत नाही?

गणपतीला गावी जाऊन आलात, गाडी धुतली, आणि दुसऱ्या दिवशी स्पीडब्रेकरवर पुढच्या चाकाजवळून आवाज आला. खट्. आधी दुर्लक्ष केलं. मग रोज यायला लागला. गॅरेजमध्ये गाडी वर उचलली, मेकॅनिकने टॉर्च मारला आणि सांगून टाकलं, "शॉकअप गेलेत, दोन्ही बदलावे लागतील."

मुंबई, ठाणे, पुण्यात रोज गाडी चालवणारे असोत, नाहीतर २०११ पासून रुंदीकरण सुरू असलेल्या मुंबई-गोवा महामार्गावरून जाणारे चाकरमानी, पावसाळ्यानंतर हा संवाद अनेकांच्या वाट्याला येतो. बिल येतं, आपण चरफडतो, गूगल पे करतो आणि विषय संपतो.

पण थांबा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे होणाऱ्या नुकसानाची भरपाई द्या असं सांगितलंय ना? आणि गाडीचा विमाही दरवर्षी भरतोच की. मग हे बिल शेवटी आपल्याच खिशातून का जातं? एकेक करून बघू.

आधी हे समजून घ्या: शॉकअप करतो काय?

बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये पुढच्या चाकांना 'मॅकफर्सन स्ट्रट' असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने १९४० च्या दशकात ही रचना तयार केली. स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच उभ्या दांड्यावर बसवलेले असतात. आपल्याकडे त्या सगळ्यालाच 'शॉकअप' म्हणतात.

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. पण एकदा दाबली गेली की ती वर-खाली उसळतच राहते. ही उसळी थांबवणं हे शॉकअपचं काम. त्याच्या नळीत तेल असतं, आत एक पिस्टन असतो आणि पिस्टनला बारीक छिद्रं असतात. चाक हललं की तेल त्या छिद्रांतून जबरदस्तीने जातं आणि उसळीची ताकद उष्णतेत बदलून संपते.

वापराने पिस्टनची झडप झिजते, सील फाटतं, तेल बाहेर येतं. खड्ड्यांच्या रस्त्यावर हे लवकर होतं, कारण तिथे शॉकअपला उसंतच मिळत नाही. तपासणीसाठी ८० हजार किलोमीटरचा आकडा बऱ्याचदा ऐकू येतो. पण द्रुतगती मार्गावरचे ८० हजार आणि गल्लीबोळातले ८० हजार सारखे नसतात.

बदलायला उशीर केला तर?

"थोडा आवाज येतो, बाकी काय?" असं वाटणं साहजिक आहे. पण शॉकअपचं मुख्य काम चाक रस्त्याला चिकटवून ठेवणं हे आहे. आराम त्यानंतर येतो.

ब्रेक लागतो तो टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीमुळे. शॉकअप मेला की ओबडधोबड रस्त्यावर चाक उड्या मारतं. हवेत असलेलं चाक गाडी थांबवू शकत नाही. एबीएस असलं तरी त्यालाही पकड लागतेच. म्हणजे नेमकं अचानक कुणी आडवं आलं, तेव्हा तुमची गाडी थोडी पुढे जाऊन थांबते. ते 'थोडं' कधीकधी कुणाच्या तरी जीवाचं अंतर असतं.

पैशांचाही हिशोब आहे. टायर असमान झिजतो, त्यावर खळगे पडतात. बुश आणि बॉल जॉइंटवर ताण येतो. आज टाळलेलं शॉकअपचं बिल उद्या टायरच्या बिलासकट येतं.

मग न्यायालयाची भरपाई?

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी न्या. रेवती मोहिते-डेरे आणि न्या. संदेश पाटील यांच्या खंडपीठाने महत्त्वाचा निर्णय दिला. खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये. जखमी झाल्यास दुखापतीच्या तीव्रतेनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये. पैसे आधी रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या यंत्रणेने द्यायचे आणि नंतर जबाबदार कंत्राटदार, अधिकाऱ्यांकडून वसूल करायचे. चांगले, सुरक्षित रस्ते हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हेही न्यायालयाने पुन्हा सांगितलं.

निर्णय मोठा आहे. पण नीट वाचलं तर लक्षात येतं की ही भरपाई माणसाच्या मृत्यूसाठी आणि दुखापतीसाठी आहे. गाडीच्या झिजेचा रकाना त्यात नाही.

मोटार वाहन कायद्याचंही तसंच. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभालीचे निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला १ लाखापर्यंत दंड. म्हणजे इथेही आधी माणूस पडायला हवा.

मग विमा?

तुमच्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीसाठी काहीच मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तरी 'झीज' आणि 'यांत्रिक बिघाड' हे पॉलिसीत सरळ वगळलेले असतात. शॉकअप हळूहळू गेला तर ती झीज.

एकाच दिवशी खड्ड्यात जोरात आदळून शॉकअप वाकला, रिम मोडली, तर तो अपघात ठरू शकतो आणि दावा करता येतो. पण मिळतं किती? समजा १२०० सीसीची, ६ वर्षं जुनी गाडी आहे आणि शॉकअपची किंमत ९ हजार.

- ५ ते १० वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर घसारा ४० टक्के. उरले ५,४०० रुपये.
- १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १ हजार. उरले ४,४०० रुपये.
- वर नो क्लेम बोनस जातो. पाच वर्षं दावा केला नसेल तर ही सवलत ५० टक्क्यांपर्यंत पोचलेली असते.

घसारा वाचवणारं 'झिरो डेप' कव्हर घेतलेलं असेल तर चित्र थोडं बरं असतं. नाहीतर ४,४०० रुपयांसाठी दावा करणं अनेकदा तोट्याचंच ठरतं. म्हणून बहुतेक लोक तो करतच नाहीत.

सरकारी तपासणीत तरी हे सापडतं का?

नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि फिटनेस तपासणी येते ती नूतनीकरणाच्या वेळी. तोपर्यंत आपण करतो ती पीयूसी, आणि पीयूसी धूर मोजते, शॉकअप नाही. ब्रिटनमध्ये गाडी ३ वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते आणि त्यात शॉकअपची गळतीही बघतात.

टॅक्सीसारख्या व्यावसायिक गाड्यांना आपल्याकडेही नियमित फिटनेस लागतो. पण त्यांची अडचण वेगळी आहे. गाडी गॅरेजमध्ये गेली की त्या दिवसाची कमाईही गेली. त्यांच्यासाठी खड्डा दोनदा पैसे घेतो.

सरकारकडून एक दिलासा मात्र खरा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. १० हजारांच्या भागावर आधी २,८०० रुपये कर होता, आता १,८००. तरीही गंमत बघा, खड्ड्याने मोडलेला भाग बदलतानाही आपण सरकारला कर भरतोच.

मग आपण काय करायचं?

- आवाज आला म्हणजे शॉकअप गेला असं नाही. खटखट अनेकदा लिंक रॉड किंवा बुशची असते आणि ते खूप स्वस्तात बदलतात. शॉकअपवर तेलाचा ओघळ दाखवायला सांगा.
- स्वतः बघा. गाडीचा कोपरा दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबायला हवा, दोन-तीनदा झुलला तर शंका घ्या. ब्रेक मारल्यावर नाक खाली जातंय का, टायरवर खळगे आहेत का, हेही तपासा.
- बदलताना जोडीने बदला. एक नवा, एक जुना असेल तर ब्रेक मारताना गाडीची दोन्ही अंगं वेगळी वागतात. वरचं माउंट, बेअरिंग आणि बंप स्टॉप त्याच वेळी तपासून घ्या, नंतर अलाइनमेंट कराच.
- हे काम घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग निसटली तर गंभीर इजा होऊ शकते.
- मोठा आदळा बसला तर लगेच खड्ड्याचा आणि गाडीचा फोटो काढा. दावा करायचा असेल तर गाडी खोलण्याआधी विमा कंपनीला कळवा.
- तक्रार नोंदवा, क्रमांक जपून ठेवा. मुंबई महापालिकेसाठी १९१६, राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३.

शेवटचा मुद्दा कंटाळवाणा वाटेल. त्यातून तुमचं बिल परत मिळेल असंही नाही. पण त्याच खड्ड्यात उद्या एखादा दुचाकीस्वार पडला, तर 'आम्हाला माहीतच नव्हतं' असं म्हणायला यंत्रणेला जागा उरत नाही.

खड्ड्यात पडून माणूस गेला की बातमी होते, आता भरपाईचीही सोय झाली आहे. पण त्याच खड्ड्याने हजारो गाड्यांचे शॉकअप थोडे थोडे खाल्ले, तर त्याची नोंद कुठेच होत नाही. ती फक्त गॅरेजच्या पावतीवर असते. आणि ज्याला ती पावती परवडत नाही, तो तशाच गाडीचा ब्रेक दाबत असतो. कदाचित तुमच्या मागेच.