कोष की कोसा?

शनिवारी सकाळी नऊ वाजता माणसानं कुठं असावं? अर्थातच पांघरुणात! पण गेल्या शनिवारी मी पुण्यातल्या एका शाळेच्या गेटवर उभा होतो. कडेवर कढीपत्त्याची कुंडी. वॉचमननं आधी कुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नर्सरीवाले मागच्या गेटनं."

कुंडी माझ्या मैत्रिणीची. एकेकाळी ती माझ्याच ऑफिसात शेजारच्या क्युबिकलमध्ये बसायची. मग नोकरी सोडून मुलांसाठी निसर्गाची पुस्तकं लिहायला लागली. (तेव्हा तिला वेड्यात काढणाऱ्यांत मी पहिला होतो, हे इथं कबूल करून टाकतो.) तिच्या फुलपाखरांच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती एकदाची संपलीय आणि दुसरी प्रेसला जायच्या बेतात आहे. पुस्तक खपवायचा तिचा फंडा एकच, शाळाशाळांत जायचं. मानधन? कधी रिक्षाचे पैसे, बहुतेकदा गुलाबाचं फूल आणि कपभर चहा.

आणि कुंडी कशाला? तर कढीपत्ता म्हणजे कॉमन मॉरमॉन या फुलपाखराच्या अळीची खानावळ. तुमच्या बाल्कनीत असेल तर आत्ता उठून बघा. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसलं आणि ते हळूच सरकलं, तर समजा पाहुणे आलेत. अळी मोठी झाली की हिरवीगार होते. डिवचलीत तर डोक्यामागून लाल, दुबेळकं शिंगासारखं काहीतरी बाहेर काढते. वास तर असा सॉलिड की पहिल्या बाकावरची चार मुलं आपोआप दुसऱ्या बाकावर गेली.

'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' तुमच्या भाच्याकडे असेलच. एरिक कार्लचं हे पुस्तक १९६९ साली आलं आणि साठाहून जास्त भाषांत गेलं. त्यातली अळी सफरचंदापासून चॉकलेट केकपर्यंत सगळं हाणते. आमच्या कुंडीतली एवढी नखरेल, की मोगऱ्याच्या पानावर ठेवली तर उपाशी मरेल, पण तोंड लावणार नाही. त्या पुस्तकात आणखी एक गंमत आहे. फुलपाखरू बाहेर पडतं ते विणलेल्या आवरणातून. असली आवरणं विणतात ते पतंग. बहुतेक फुलपाखरांची अळी नुसती शेवटची कात टाकते, की आतलं कवच उघडं पडतं. इंग्रजीत दोन्हींना वेगळे शब्द, त्यामुळं कार्लला वाचकांनी चांगलंच धरलं. मराठीत आपण सुटलो, दोन्ही कोषच!

हा तिचा हुकमी जोक. बाईसुद्धा हसल्या. मग तिनं फांदीवरचा कोष वर धरला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "हा कोसा नाही जी."

वर्ग हसला. बाई मात्र बघतच राहिल्या. हा मुलगा जूनमध्ये भंडाऱ्याहून आलेला, वडील बांधकामावर. वर्गात कधी तोंड उघडलेलं नाही. मैत्रिणीनं त्याला पुढं बोलावून फांदी त्याच्या हातात दिली.

"कोसा कडक असतो. सुताचा. वरून देठ असतो, फांदीला धरून लटकतो. हे तर उघडंच आहे, एकच धागा आहे बांधलेला."

त्याचे आजोबा टसर रेशमाच्या अळ्या पाळतात. भंडारा-गडचिरोलीकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. अळ्या घरात नसतात, ऐन-अर्जुनाच्या झाडांवर असतात. त्यामुळं पाखरं हाकलत दिवसभर झाडाखाली बसावं लागतं, आणि ते काम नातवाचं. पाच मिनिटं तो बोलत होता. मग एका मुलीनं विचारलं, "धागा काढतात तेव्हा आतल्या किड्याचं काय होतं?"

"उकळतात."

वर्ग चिडीचूप. माझ्या मैत्रिणीचा पुढचा जोक तिथंच राहिला.

चहा पितानाही ती गप्प होती. मग तिनं प्रकाशकांना फोन लावला. "पान बावीस थांबवा. कोष आणि कोसा वेगळे दाखवायचेत. आणि उकळण्याचंही लिहिणार आहे." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. लहान मुलांच्या पुस्तकात उकळणं कशाला, चित्रकाराचे पैसे कोण देणार, ले-आउट पुन्हा होणार, वगैरे. शेवटी ती म्हणाली, "माझ्या रॉयल्टीतून कापा."

तिची रॉयल्टी किती असते, हे मला ठाऊक आहे. तिचं इन्कम टॅक्स रिटर्न मीच भरतो. मी तोंड उघडणार, एवढ्यात तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट्यानं बशीतलं बिस्किट उचललं.

बुधवारी तिनं कोशाचं... छे, कोशाचं नाही, कोशाच्या शेजारी कोशाहून वेगळ्या कोशाचं... थांबा. कोसाचं! कोसाचं नवं चित्र शाळेत पाठवलं. दुसऱ्या दिवशी बाईंचा मेसेज आला, "तो म्हणतो, देठ लांब पाहिजे."

आता तिसरं चित्र चालू आहे.