विश्लेषण : जीवघेण्या ॲलर्जीत ॲड्रेनालिनला उशीर का होतो?

कोळंबीचे कालवण खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. घरात आमसुलाचे पाणी लावले जाते, सेट्रिझिनची गोळी दिली जाते आणि ‘पित्त उठले आहे, बसेल थोड्या वेळाने’ म्हणत वाट पाहिली जाते. बहुतेक वेळा ते बसतेही. पण आवाज घोगरा झाला, श्वास लागला किंवा भोवळ आली, तर ते साधे पित्त नसते. तो ‘ॲनाफिलॅक्सिस’ असू शकतो. त्यावरचे पहिले औषध एकच : ॲड्रेनालिन. ते स्वस्त आहे, देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तरीही अनेकदा ते उशिरा टोचले जाते. अडचण औषधाची कमी आणि निर्णयाची जास्त आहे.

शरीरात नेमके काय घडते?

प्रतिकारयंत्रणा एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजते आणि हिस्टामिनसारखी रसायने एकाच वेळी रक्तात सोडते. रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब कोसळतो, घसा सुजतो, श्वासनलिका आकसतात. शेंगदाणे, दूध, अंडी, मासे-कोळंबी, मधमाशी किंवा गांधीलमाशीचा दंश, प्रतिजैविके आणि वेदनाशामके ही नेहमीची कारणे. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी १९०२ मध्ये या प्रतिक्रियेला नाव दिले. त्यासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल मिळाले.

निदानासाठी रक्त तपासावे लागते का?

नाही. निदान लक्षणांवरूनच होते. गांधी किंवा सूज यांच्या जोडीला श्वासाचा त्रास, रक्तदाब घसरणे किंवा जोराच्या उलट्या-पोटदुखी असेल, तर ॲनाफिलॅक्सिस समजूनच उपचार सुरू करायचे असतात. ज्याची ॲलर्जी माहीत आहे तो पदार्थ पोटात गेल्यावर नुसता रक्तदाब कोसळला किंवा घसा आवळला, तरी तेवढे पुरेसे आहे. अंगावर एकही गांध नसू शकते आणि इथेच फसगत होते. रक्तातील ‘ट्रिप्टेज’ची तपासणी नंतर खात्री करण्यासाठी उपयोगी पडते, तिच्या अहवालासाठी थांबायचे नसते.

गोळी, स्टेरॉइड का पुरत नाही?

ॲलर्जीची गोळी खाज कमी करते, स्टेरॉइडचा परिणाम दिसायला काही तास लागतात. कोसळता रक्तदाब आणि आवळलेला घसा, दोन्हींवर मिनिटांत काम करते ते ॲड्रेनालिनच. एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असलेले औषध मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचतात. मात्रा वजनाच्या दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, प्रौढांत जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम. फरक न पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत. धाप लागली असेल तर बसू द्यावे, पण एकदम उभे करू नये. बरे वाटले तरी काही तासांनी लक्षणे उलटू शकतात, म्हणून रुग्णालयात देखरेख हवीच.

मग हात कशाला आखडतो?

‘हृदयाला धोका होईल’ या भीतीने. ही भीती प्रामुख्याने शिरेतून चुकीच्या मात्रेत दिलेल्या औषधाची आहे. स्नायूत योग्य मात्रेत दिल्यास छातीत धडधड, हातपाय थरथरणे असे त्रास होतात आणि थोड्या वेळात ओसरतात. उशिराची किंमत त्याहून कितीतरी मोठी असते.

काय बदलायला हवे?

लसीकरणाच्या सत्रात ॲनाफिलॅक्सिसचा औषधसंच ठेवला जातो, आरोग्यसेविकेला त्याचे प्रशिक्षण असते. सर्पदंशावर प्रतिविष देतानाही ॲड्रेनालिन हाताशी ठेवतात. गावातल्या सत्रात जे जमते, ते इंजेक्शन देणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात जमायला हवे. मात्रेचा तक्ता भिंतीवर हवा. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये नाकात मारायच्या ॲड्रेनालिन स्प्रेलाही मान्यता मिळाली. आपल्याकडे मात्र रुग्णाने जवळ बाळगायचे स्वयंचलित इंजेक्शनही सहजी मिळत नाही. ते परवडणाऱ्या दरात आणणे ही सरकारची जबाबदारी आहे. तोवर ज्याला एकदा असा झटका आला, त्याने ॲलर्जीतज्ज्ञाकडून कारण शोधून घ्यावे, ते लिहिलेले कार्ड खिशात ठेवावे. आणि घरच्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : श्वास लागला की गोळीची वाट पाहायची नाही, १०८ ला फोन करायचा.